सरूच्या काळजाचा विसावा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. देवाला तर नाहीच — त्याच्यापुढं हात जोडतो तेव्हा मी दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ फार गोड चालते, आणि ती गोड चालली की मी खोटं बोलतो, असा माझा अनुभव आहे.

हिंगोलीत माझा दवाखाना आहे. बाजारात कुणालाही विचारा, माझं नाव बरंच घेतील. हात हलका आहे, वेळी-अवेळी हाक मारली तरी येतो, गरिबाला ताटकळत ठेवत नाही — हे सगळं म्हणतील, आणि ते खरंही आहे. खरं आहे हीच तर अडचण आहे. वाईट डॉक्टरच्या खोट्यावर कुणी इतकी वर्षं विश्वास ठेवला असता का?

आधी थोडं काळजाविषयी सांगू द्या. तुम्हाला वाटेल, हा टाळतोय. टाळतोयच — पण हे समजल्यावाचून पुढचं समजायचं नाही.

लोक म्हणतात, काळीज जन्मापासून मरेपर्यंत एक क्षण थांबत नाही. चूक. प्रत्येक ठोक्यानंतर ते थांबतं. नुसतं थांबत नाही, सैल होतं. आवळलेला स्नायू आवळणं सोडून देतो, आतली पोकळी उघडते, आणि रक्त भरतं ते तेव्हाच. निवांत बसलेल्या माणसाचं काळीज काम करतं त्याहून जास्त वेळ असं सैल पडलेलं असतं. त्याचं स्वतःचं पोषणही बहुतेक याच विसाव्यात होतं — घरादाराला वाढून झाल्यावर बाईनं चुलीपाशी आपलं ताट घ्यावं, तसं. माणूस धावला, घाबरला, की ठोके वाढतात. आणि कात्री लागते ती या विसाव्यालाच. हैदराबादला आम्ही हे उर्दूतून शिकलो. आवळण्याला इन्किबाज, सैल होण्याला इम्बिसात. आमचे एक म्हातारे उस्ताद म्हणायचे, मूठ वळणं तर तान्ह्या लेकरालाही येतं मियाँ, उघडणं बघा. मी ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं.

आता या विसाव्यात एक दुखणं लपून बसू शकतं. लहानपणी कधी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, पोर महिनाभर अंथरुणाला खिळतं आणि मग उठून खेळायला लागतं. सगळे विसरून जातात. पण कुणाकुणाच्या काळजात वरच्या खणातून खालच्या खणात जायचं दार त्या तापानं जाड होतं, पुरतं उघडत नाही. मग भरायच्या वेळी रक्त दारात अडतं आणि घरघर करत आत जातं — शेजारच्या घरात पहाटे दळणाचं जातं फिरावं, तसा दबका आवाज येतो. तो हाताला लागत नाही, नाडीत सापडत नाही. नळी लावून, श्वास रोखून, सवयीच्या कानालाच ऐकू येतो. अशा बाईला बाळंतपण म्हणजे मरणाशी गाठ. आणि त्या काळात आमच्या भागात असा कान एकट्या माझ्याकडं होता. मी म्हणालो आवाज आहे, तर आहे. दुसरं कोण येऊन ऐकणार होतं?

सांगतो. थोडं दमानं सांगतो.

पुसेगावचा किसन माझा शाळासोबती. त्याच्या गावात वरचे वर्ग नव्हते म्हणून तो शिकायला आमच्याकडं राहायचा. सुट्टी लागली की मी त्याच्याकडं जायचो. आमचं घर आणि त्यांचं घर एकाच जातीचं, सोयरिकीला चालणारं — हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्या वाटेत डोंगर होता असं तुम्हाला वाटायला नको. डोंगर-बिंगर काही नव्हतं. सरू ही किसनची धाकटी बहीण. ती मोट हाकायची. पोरीच्या जातीनं मोट हाकू नये, नाड्यावर — मोटेच्या दोरावर — बसू नये, असं गाव म्हणायचं. बाप तिला काही म्हणत नव्हता. बैल उतारावरून धावेनं खाली निघाले की ही उडी मारून दोरावर बसायची, लुगड्याचा काचा घट्ट, केस सुटलेले, आणि मोट थारोळ्यात उलटली की पाण्याआधी हिचं हसू ऐकू यायचं. मी बैलांना भ्यायचो. हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी विहिरीवर गेलो, तर मला म्हणाली, “डॉक्टर, आधी आमच्या बैलाची नाडी बघून दाखवा. मग मान्साला हात लावा.”

मी तेव्हापासूनच डॉक्टर. अजून तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि तिनं मला पदवी देऊन टाकली होती.

मी शिकून आलो, दवाखाना टाकला. तिचं लग्नाचं वय उलटून चाललं होतं, आणि मी काय केलं? काही नाही. पुसेगावला जात राहिलो. मला ती हवी होती. रात्री अंथरुणावर पडलो की ती दोरावर बसलेली दिसायची. तरी एकदाही किसनला म्हणालो नाही की गड्या, ही मला दे. आईच्या मनात तिच्या माहेरची मुलगी होती, आणि आईला नाही म्हणायचं म्हणजे घरात दोन महिने अबोला — एवढ्याचीच भीती मला. म्हणायचं, म्हणायचं असं करत दिवस घालवले. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

मग वसमतकडचं स्थळ आलं. हळदीचं मोठं घर, मुलगा शिकलेला, माणसं सज्जन. सज्जन म्हणजे खरोखरच सज्जन. त्यांची थोरली सून आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती, त्यामुळं ती धास्तावलेली. सरूला लहानपणी गुडघे सुजून ताप आला होता, हे कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला: मुलगी पसंत आहे, फक्त एकवार डॉक्टरला दाखवा, तुमचा डॉक्टर म्हणेल ते आम्हाला मान्य. किसन तडक माझ्याकडं आला. “दुसऱ्या कोनाला काहून दाखवू? तू घरचा मानूस,” म्हणाला.

घरचा माणूस तट्टावर बसून पुसेगावला गेला.

सरूला गंमत वाटत होती. किसनची बायको जवळ उभी होती. मी भिंतीकडं तोंड करून बसलो, नळीचं टोक लुगड्यावरूनच योग्य जागी धरलं. “आत बैल हाय का बघा डॉक्टर,” असं म्हणून ती हसली, आणि मी तिला गप्प राहायला सांगितलं. मग मी ऐकलं.

त्याआधी मी पुष्कळ छात्या ऐकल्या होत्या. पण ही — काय सांगू? एक ठोका, मग ती शांतता. स्वच्छ, रुंद, निवांत शांतता. घरघर नाही, अडखळणं नाही. ताप आला होता आणि काही न बिघडवता निघून गेला होता. वर्गात शिकवायला न्यावं इतकं निरोगी काळीज. ते सैल होत होतं, भरत होतं, आणि पुढच्या ठोक्याला तयार होत होतं. हे वसमतला जाणार — एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. कानातून नळी काढेपर्यंत मी खोटं बोलणार हे ठरलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण शपथेला तरी माझ्याकडं काय अर्थ उरलाय?

किसन विहिरीवर होता. मोट चालू होती, गडी बैल हाकत होता. मी म्हणालो, ते बघ. बैल खाली जातात तेव्हा मोट वर येते, ते दिसतं, त्याचं कौतुक होतं. पण ती भरते कधी? बैल मागं मागं सरतात तेव्हा, दोर सैल पडतो तेव्हा. सरूच्या काळजाचं ते भरणं नीट होत नाही. भरायच्या वेळी आत आवाज येतो. घरात बसून राहील तर शंभर वर्षं जगेल, पण बाळंतपण — आणि पुढचं वाक्य मी अर्धंच सोडलं.

त्याला लगेच समजलं. शेतकऱ्याला मोट समजते. तो मटकन खाली बसला आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला तो हात मी!

माझा बेत काय होता तेही ऐका. स्थळ मोडेल. सहा-आठ महिने मी औषध देईन. मग म्हणेन, गुण आला, आवाज गेला. आणि मग — उपकार केल्यासारखा चेहरा करून — मीच मागणी घालीन. किती सोपं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. स्थळ मोडलं, पण वसमतकरांनी ते कुठं वाईट वाटून घेऊन, कुठं सावध करायला म्हणून, चार ठिकाणी सांगितलं. ते फिरत फिरत माझ्या आईपर्यंत आलं. मी धीर करून सरूचं नाव काढलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

“तूच म्हनलास न्हवं, लेकरू झालं त मरंल म्हून? डोळ्यांदेखत मरन घरात आनू का मी?”

यावर मला उत्तर होतं. एकच उत्तर होतं आणि ते खरं होतं — आई, मी खोटं बोललो. तेवढं बोललो असतो तर फार तर काय झालं असतं? तोंडावर थुंकली असती, किसननं काठी घातली असती, चार दिवस बाजारातून मान खाली घालून चालावं लागलं असतं. मी गप्प बसलो. पुढच्या वैशाखात आईच्या माहेरच्या मुलीशी माझं लग्न झालं. माझी बायको चांगली आहे. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही, आणि एवढंच तिच्याविषयी मला बोलता येतं, हाही एक गुन्हाच म्हणा. पुसेगावला निघालो की ती सरूसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी बांधून देते. “बिचारीला तोंडाला चव येईल,” म्हणते.

हो, मी पुसेगावला जात राहिलो. तेच तर सांगायचंय. आधीचं पाप मी भीतीपोटी केलं असं एक वेळ म्हणाल. नंतरचं कशापोटी म्हणाल? किसन म्हणाला होता, महिन्याला एकदा येऊन तिला बघून जात जा. मी गेलो. दर महिन्याला गेलो. पाऊस असो, ऊन असो, दवाखान्यात रोगी ताटकळोत. साखरेत चिमूटभर सोडा घालून पुड्या बांधायचो, आणि तट्टाला टाच मारताना लग्नाला निघाल्यासारखा वाटायचो स्वतःला.

तिथं गेल्यावर काय? तर भिंतीकडं तोंड, शेजारी तिची वहिनी, आणि कानात नळी. मी नळी टेकवली की पहिल्यांदा तिचे ठोके भराभर पडायचे — रोगी डॉक्टरला घाबरतात तसे. मी थांबायचो. मग हळूहळू ते उतरायचे, मधला विसावा लांबत जायचा, आणि त्या शांततेत मी बसून राहायचो. तिच्या इतक्या जवळ मी दुसऱ्या कोणत्या वाटेनं जाऊ शकत होतो? नवऱ्यालाही बायकोचं इतकं आतलं ऐकू येत नाही. डोळे मिटलेले असायचे माझे. किसनची बायको म्हणायची, डॉक्टर किती मन लावून बघतात.

आणि सरू? तिला सगळ्यांनी काचेच्या भांड्यासारखं जपलं. घागर उचलायची नाही, दळायचं नाही, शेतात पाऊल टाकायचं नाही. ज्या गावात सात वर्षांची पोरही काहीतरी काम करते, त्या गावात ही ओसरीवर बसून धान्य निवडायची, वाती वळायची, गोधड्या शिवायची. बाया आपलं तान्हं तिच्या मांडीवर देत नसत — भोवळ आली तर? पंचमीच्या झोक्यावर ती बसत नसे. सावकाश उठायला शिकली. छातीवर हात ठेवून चालायला शिकली. एकदा मला म्हणाली, डाव्या अंगावर निजले की आत काहीतरी अडल्यासारखं होतं. मी मान हलवली. माझ्या तोंडून निघालेला आजार तिनं इतक्या मनापासून पाळला होता की तो तिला दुखायला लागला होता. बैलांच्या दोरावर उड्या मारणारी पोर! तिचे केस माझ्यादेखत पांढरे व्हायला लागले. ती मला काही म्हणून दोष देत नव्हती. मी दिसलो की खुलायची, आणि मला वाटायचं, माझ्यासाठी खुलली. असेलही. महिन्यातून एकदा तिच्याकडं कुणीतरी येत होतं.

यंदाचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. निजामाचं राज्य अजून जायचं होतं, आणि रझाकारांच्या धाकानं गावंच्या गावं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात चालली होती. आई आणि बायकोला मी आधीच वाशीमला मामाकडं पोचवलं होतं. परत आलो तो पुसेगावला — महिन्याची फेरी होती. त्याच दिवशी शेजारच्या गावात जाळपोळ झाल्याची खबर आली आणि किसननं गाडी जुंपली. मीही त्यांच्याबरोबर निघालो. गाडीत चिल्लीपिल्ली, म्हातारी माणसं आणि सरू. तिला चिखलात कोण चालू देणार? वाटेत साखरा गावाची माणसं येऊन मिळाली. त्यांत माधव नावाचा एक जण होता, बायको वारलेला, खांद्यावर चार-पाच वर्षांची पोरगी. चंपी तिचं नाव. पोरीला किसनच्या गाडीत जागा दिली आणि ती सरूच्या कुशीत शिरून बसली.

नदीला कमरेएवढं पाणी होतं आणि ओढ होती. मधोमध आमच्या गाडीचं चाक खडकात अडकलं, एक बैल बसला, गाडी कलली. पुरुष बैलांकडं धावले. चंपी पाण्यात पडता पडता राहिली. आणि आधीच पार झालेल्या मी पलीकडच्या काठावरून पाहिलं — सरू गाडीतून खाली उतरली. पोरगी काखेत मारली, डोक्यावर बोचकं ठेवलं, आणि पाणी कापत सरळ निघाली. वहिनी किंचाळली. किसन ओरडला, “सरू, थांब! मरशील!” ती थांबली नाही. एका खोलगट जागी पाणी छातीला आलं तेव्हा तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. काठावर आली, पोरीला खाली ठेवलं, आणि परत पाण्यात जाऊन एका म्हातारीला हात देऊन घेऊन आली.

सगळे माझ्याभोवती जमले. डॉक्टर, बघा. डॉक्टर, काय होतंय तिला. ती दगडावर बसली होती, चिंब भिजलेली, धापा टाकत. मी नळी लावली. ठोके धावत होते — तिच्या जागी कुणाचेही धावले असते. आणि मग माझ्या कानादेखत ते खाली आले. किती चटकन! मधला विसावा परत आला, मोकळा, रुंद, पहिल्या दिवशी होता तसाच. धष्टपुष्ट काळीज. मी डोळे उघडले, तर ती माझ्याकडं बघून हसत होती. इतक्या वर्षांनी ते हसू.

“डॉक्टर,” ती हळूच म्हणाली, “मला कदी इतकं बरं वाटलं नव्हतं.”

तेव्हाच बोलायचं होतं. तीच वेळ होती. सगळं गाव समोर, तिच्या अंगावरून पाणी निथळतंय, पुरावा दुसरा काय हवा? पण किसन माझे दोन्ही हात धरून रडत म्हणाला, “गड्या, तुझ्याच औषधाचा गुन!” आणि मी म्हणालो, हां. त्यांनी मला देव केलं आणि मी होऊन घेतलं. वर सांगितलं, हिला गाडीत निजवा, पुन्हा असं करू देऊ नका.

वऱ्हाडातल्या त्या मुक्कामात चंपी तिला सोडेना. तिच्याच हातून जेवायची, तिच्याच पदराखाली निजायची. माधव लांबून बघत असायचा. मीही बघत होतो.

निजामाचं राज्य गेलं, माणसं घरी परतली, पडलेल्या भिंती उभ्या राहिल्या. दिवाळीनंतर मी पुसेगावला गेलो तेव्हा किसननं मला ओसरीवर बसवून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता आणि भीतीही मावत नव्हती. माधवनं सरूला मागणी घातली होती.

“त्याला मी समदं सांगितलं,” किसन म्हणाला. “त म्हने, मला दुसरं लेकरू नको. हाय त्या लेकराला माय पायजे. आन् ती पोरगी हिच्याबिगर खाऊन न्हाई राहिली. घरात कामाला गडीमानूस हाय, हिला काडीची तकलीफ देनार न्हाई म्हन्ला. आता तू सांग गड्या. तू व्हय म्हनलास त उद्याच सुपारी फोडतो.”

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. ती ऐकत होती.

बघा, इथं मला कसलीच अडचण नव्हती. आई थकली होती, माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. सरू मला मिळण्याची कुठलीही वाट उरली नव्हती. खोटं उघडं करायचीही गरज नव्हती. बाळंतपणाचा प्रश्न माधवनं स्वतःच मिटवला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. म्हणायचं, तब्येत सुधारलीय, जाऊ दे. सगळी माझ्या पाया पडली असती. झाकली मूठ झाकलीच राहिली असती, आणि तिला घर, नवरा, गळ्यात पडणारं एक लेकरू मिळालं असतं.

मला काय दिसलं सांगू? साखऱ्यातलं एक घर दिसलं, जिथं मला कुणी महिन्याच्या महिन्याला बोलावणार नाही. जिथं ती पाणी भरेल, दळेल, हसेल, आणि तिला डॉक्टर लागणार नाही.

मी म्हणालो, प्रश्न नुसत्या बाळंतपणाचा नाही. परक्या घरी गेलं की रामरगाडा आलाच. कुणी काम सांगितलं नाही तरी बाईच्या जिवाला स्वस्थता नसते. हिचं काळीज विसाव्यावर जगतंय, किसन. तो विसावा गेला, तर एखाद्या दिवशी पोरीच्या डोळ्यांदेखत — आणि वाक्य सोडून दिलं. वाक्य कुठं सोडायचं हे मला फार चांगलं कळतं.

 किसन उपरण्यानं डोळे पुसून म्हणाला, “तू हायस म्हून बरं हाय गड्या. न्हाई त मी तिला हातानं मारून बसलो असतो.” आणि माधवला निरोप द्यायला तो उठून गेला.

सरू बाहेर आली. वहिनी चुलीपाशी होती, हाकेच्या अंतरावर. तोवर तिनं दुखण्याविषयी आपण होऊन मला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिनं विचारलं.

“डॉक्टर, मग मी नदीत काहून न्हाई मेले?”

रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी बैलाला भ्यायचो तसा तिच्या डोळ्यांना भ्यालो.

“औषधाचा जोर होता अंगात,” मी म्हणालो.

तिनं जरा विचार केला. मान हलवली. मग भिंतीशी टेकवलेला पाट आणून टाकला आणि नेहमीसारखी पाठ ताठ करून बसली, कारण त्या महिन्याचं तपासणं राहिलं होतं. वहिनी हात पुसत येऊन उभी राहिली. मी भिंतीकडं तोंड केलं आणि नळी लावली. ठोके आधी जोरात होते. मग सावकाश उतरले. एक ठोका, आणि मग काळीज सैल सोडून भरत जातं ती शांतता, मग दुसरा. त्या शांततेत काही नव्हतं. कधीच काही नव्हतं. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिलो.

“हाय का अजून?” तिनं विचारलं.

“हाय,” मी म्हणालो.